माझी बोंबी सरकली नव्हती

माझ्या पोटावर ठेवलेली चुन्याची डबी आपली आपण उड्या मारते, हे घरात पहिल्यांदा सुनेनं पाहिलं. धानाची रोवणी आटोपून आठ-दहा दिवस झाले होते. दुपारचं जेवण करून मी छपरीत खाटेवर उताणा पडलो होतो. तंबाखू मळून झाला, डबी कुठं ठेवायची म्हणून पोटावरच ठेवली. बंडी वर सरकलेली होती. डबी ठक, ठक, ठक करत नाचायला लागली. मी तिच्याकडे मान वर करून बघत होतो आणि मनातून खूश होऊन राहिलो होतो. सत्तरी ओलांडलेल्या किती माणसांच्या पोटात एवढा जोर असेल? गावात तर कुणाच्याच नसेल, याची मला खात्री होती.

सून दोरीवरचे कपडे काढायला आली आणि हातात लुगडं धरून तिथंच थांबली. ती आमच्या गावची आशा सेविका आहे. पोटुशी बाया, तापाची पोरं, बीपीचे म्हातारे, सगळ्यांच्या घरी तिचं जाणं-येणं असतं.

"मामाजी, हे कवापासून होऊन राहिलं?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, होऊन काय राहिलं, हा जोर हाये. ती काही बोलली नाही. सून बोलली नाही की मला भीती वाटते, कारण मग ती कुठंतरी फोन लावते.

आता माझं काम काय ते सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. बेंबीला आमच्याकडे बोंबी म्हणतात. कुणी धानाचं पोतं वेडंवाकडं उचललं, चिखलात शेताच्या धुऱ्यावरून पाय घसरला, की पोटाला झटका बसतो. भूक मरते, पोट दुखतं, ढाळ लागते. मग म्हणायचं, बोंबी सरकली. ती जागेवर बसवणारा या भागात मी. बापानं मला शिकवलं, बापाला त्याच्या मामानं. माणसाला सकाळी उपाशी पोटी उताणा निजवायचं, दोन्ही हात सरळ करून करंगळ्या जुळतात का बघायचं, आणि बोंबीवर अंगठा ठेवायचा. आत ठोका लागतो. ठोका बरोबर मधोमध असला तर बोंबी जागेवर. वर किंवा बाजूला लागला तर सरकली. मग बोंबीवर कणकेचा दिवा ठेवून वात पेटवायची आणि वरून लोटा पालथा घालायचा. वात विझते, लोटा पोटाला घट्ट पकडतो, कातडी आत ओढली जाते. थोड्या वेळानं लोटा सोडवायचा आणि दोन्ही अंगठ्यांनी ठोका दाबत दाबत मधे आणायचा.

मी तिसरीतून शाळा सोडली, पण या कामात मला कुणी नापास केलं नाही. कामठ्याचे लोक आले, नागऱ्याचे आले, नवेगाव बांधचं एक अख्खं कुटुंब बसमध्ये बसून आलं. कुणाकडून चहासुद्धा घ्यायचा नाही, हा बापाचा नियम. चहा घेतला की हाताचा गुण जातो म्हणे. गुण जाईल म्हणून नाही, पण उपकार आपला राहतो म्हणून मीही तो पाळला.

आणि असा मी, गेल्या हिवाळ्यापासून एक गोष्ट लपवून होतो. माझीच बोंबी सरकली होती.

कमरेत मागे मंद दुखत राहायचं. पोटात भरल्यासारखं वाटायचं. एके सकाळी अंगठा ठेवला तर ठोका बोंबीच्या वर, थोडा डावीकडे, आणि केवढा मोठा. नेहमीचा ठोका अंगठ्याखाली मावतो. हा मावेना. मी गोठ्याच्या मागे जाऊन, बायकोला, म्हणजे आमच्या म्हातारीला दिसणार नाही असा, दिवा लावला आणि लोटा घातला. लोट्यानं पोट पकडलं आणि लोटाही नाचायला लागला. लागोपाठ तीन सकाळी हेच केलं. दाबून दाबून दोन्ही अंगठे दुखले. ठोका होता तिथंच. चाळीस वर्षांत इतकी हट्टी बोंबी मी पाहिली नव्हती, आणि ती निघाली माझी. मरणाचं भय मला तेव्हा शिवलंही नाही. भय एकच होतं, की गावाला कळलं तर माझ्याकडे कोण येईल.

सुनेनं फोन लावला तो दोन जागी. एक उपकेंद्राच्या सिस्टरला, एक कामठ्याला आपल्या बापाला. सुनेचे वडील म्हणजे आमचे इवाई. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, पण पोटानं मोठे. मला चिडवायची संधी असली की त्यांना जेवण नाही दिलं तरी चालतं. दुसऱ्याच दिवशी फटफटीवरून हजर. मला खाटेवर निजवलं, डबी ठेवून पाहिली, हात लावून पाहिला आणि मिशीत हसले.

"का जी इवाई, गावाच्या बोंब्या बसवता बसवता आपली कोठं ठेवली?"

माझ्या अंगाची आग झाली. मी म्हटलं, एका सकाळी बसवतो, त्यात काय. ते म्हणाले, तुमचा हात तुमच्या पोटावर जोर नाही करत, मी दाबतो, तुम्ही फक्त जागा दाखवा. बाह्या वर केल्या, दोन्ही अंगठे ताठ केले आणि खाटेवर गुडघा टेकवला. तेवढ्यात सून धावत आली आणि बापाचं मनगट धरलं.

"बाबा, हात लावू नोका. सिस्टरनं सांगतलं, दाबाचं नाई म्हनून. पयले सोनोग्राफी."

मी सपशेल नाही म्हटलं. सोनोग्राफी बायांची असते, पोटातल्या लेकराची. माझ्या पोटात काय आहे ते मला ठाऊक आहे, मशीन काय वेगळं सांगणार. सुनेनं वाद घातला नाही. तिला माझा स्वभाव तिच्या सासूपेक्षा जास्त कळतो. ती इतकंच म्हणाली की मशीन चुकते का अंगठा चुकतो, हे एकदा तरी पाहायला पाहिजे.

झालं. मी अडकलो. पैज लागली. अंगठा खोटा ठरला तर डॉक्टर म्हणेल तिथं मी मुकाट्यानं जायचं. मशीन खोटी ठरली तर सुनेनं गावातलं पोटदुखीचं प्रत्येक माणूस आधी माझ्याकडे आणायचं, मग उपकेंद्रात न्यायचं. इवाई साक्षीदार.

बसस्टॉपवर जायच्या आधी सकाळी मी उताणा पडलो, ठोका जिथं सुरू होतो आणि जिथं संपतो ते अंगठ्यानं नीट चाचपलं, आणि डबीतला चुना बोटावर घेऊन पोटावर दोन ठिपके दिले. दोन्हींच्या मधे माझी चार बोटं बसत होती. म्हातारी म्हणाली, हे काय नवीन. मी म्हटलं, मशीनला रस्ता दाखवून ठेवतो.

गोंदियापर्यंत बसमध्ये मी शर्ट दोन्ही हातांनी पुढं ओढून धरला होता, ठिपके पुसू नयेत म्हणून. कंडक्टर दोनदा वळून बघून गेला. सून खिडकीकडे तोंड करून हसून राहिली होती, हे मला तिच्या खांद्यांवरून कळत होतं.

सोनोग्राफीच्या दवाखान्यात बाकावर सगळ्या पोटुशी बाया. भिंतीवर फलक, की इथं मुलगा की मुलगी ते सांगितलं जात नाही. मधोमध धोतर नेसून मी. एका बाईनं सरकून मला जागा दिली. तिच्याबरोबरच्या सासूनं माझ्या सुनेला विचारलं, "किसका करवाना है?" सून म्हणाली, "मेरे ससुर का." सगळा बाक माझ्याकडे वळला. मी फलकाकडे बोट दाखवून म्हटलं, मेरा तो बता सकते हैं ना. असा हशा झाला की आतून कंपाउंडर बघायला आला. मला सकाळपासून उपाशी का ठेवलं हे तिथंच कळलं. पोटाची तपासणी उपाशी पोटीच होते म्हणे. मी सुनेला कोपरानं ढोसलं. हा नियम माझ्या बापाचा आहे.

डॉक्टरीन वयानं माझ्या सुनेएवढी. मी टेबलावर निजलो, शर्ट वर केला. तिनं ठिपके पाहिले.

"ये क्या है बाबाजी?"

मी सांगितलं, की ठोका इथून इथपर्यंत आहे, तुमचं मशीन काय म्हणतं ते बघा. ती हसली. शिळ्या पेजेसारखा गार, चिकट लेप पोटावर टाकला आणि हातातला गोटा फिरवायला लागली. माझे ठिपके दोन मिनिटांत धुऊन गेले, पण तिनं ते लक्षात ठेवले होते. पडदा माझ्याकडेही वळवला. आधी मला काहीच दिसेना, धुक्यातली धानाची बांधी दिसते तसं करडं करडं. मग मधोमध काळा गोल दिसला. गोल फुगत होता, बसत होता. चुन्याच्या डबीची ती चाल मी लगेच ओळखली.

डॉक्टरीन हसायची थांबली. श्वास रोखायला लावला, सोडायला लावला, गोटा आडवा धरला, उभा धरला. आणि मग तिनं काय केलं, तर गोलाच्या एका काठावर बारीक खूण दिली आणि दुसऱ्या काठावर एक खूण दिली. माझे दोन ठिपके. तेच, तसेच, फक्त चुन्याचे नाहीत. मला इतका आनंद झाला की मी उठून बसायला लागलो, कंपाउंडरनं दाबून निजवलं.

मी विचारलं, किती भरलं. ती म्हणाली, पाच पॉइंट आठ सेंटिमीटर. मी म्हटलं, बोटात सांगा. तिनं आपली बोटं बघितली, माझी बघितली आणि म्हणाली की तुमची तीन. वरच्या कातडीचं आणि चरबीचं एक बोट तुम्ही जास्त धरलं.

"नापा तो सही है, बाबाजी. समझा गलत."

मग तिनं समजावलं. काळजातून निघालेली सगळ्यात मोठी रक्ताची नळी पोटात मधून खाली जाते, माझ्या अंगठ्याएवढी जाड. बारीक माणसाच्या बोंबीवर हात ठेवला की तिचाच ठोका लागतो. ती कधी सरकत नाही. माझी फुगली होती, तिप्पट. फुगली तशी तिची भिंत पातळ झाली होती. फुटली तर गावातून गोंदियालासुद्धा माणूस पोचत नाही. अशी फुगलेली नळी कुरकुर न करता बसून राहते, म्हणून कळत नाही. बिडी किती वर्षं, हेही विचारलं. मी सांगितलं, मिसरूड फुटायच्या आधीपासून.

"किसी ने दबाया तो नहीं?"

सून माझ्याकडे बघायला लागली. गोठ्यामागचा दिवा, तीन सकाळचा लोटा, दुखणारे अंगठे, हे मी पहिल्यांदा तोंडातून काढलं. डॉक्टरीनच्या हातातला गोटा तसाच राहिला. सुनेनं तोंडावर पदर धरला. आणि मला हसू फुटलं. का फुटलं ते आजही सांगता येणार नाही. फुटायला आलेल्या नळीवर लोटा उलटा घालून मी तिला ओढत होतो, दोन्ही अंगठ्यांनी रेटत होतो, आणि ती बिचारी फुटली नाही. इवाईचा गुडघा तर खाटेवर टेकला होता. मला ते ताठ अंगठे आठवले आणि मी अजून हसलो. सून रडता रडता हसायला लागली.

"हंसिए मत, पेट हिल रहा है," डॉक्टरीन म्हणाली, आणि तीही हसली.

परतताना बसमध्ये पैज कोण जिंकलं यावर आमचं भांडण झालं. मी म्हणत होतो, अंगठा जिंकला, नापा सही है. सून म्हणत होती, मशीन जिंकली, समझा गलत. शेवटी ती म्हणाली की दोन्ही खरं, तर दोन्ही शर्ती पाळा. डॉक्टरीन म्हणते तसं तुम्ही नागपूरला चला, मी पोटदुखीचे लोक आणते. पण गाव जवळ येऊ लागलं तसा मी खिडकीबाहेर बघत हिशेब करायला लागलो. चाळीस वर्षं मी जो ठोका दाबून मधे आणत होतो, तो जर कधी कुठं जातच नव्हता, तर मी काय करत होतो? लोक बरे झाले, हे खरं आहे. दोन दिवसांत ते तसेही बरे झाले असते, असं सून म्हणते. तिचं म्हणणं त्या दिवशी मला अजिबात मान्य नव्हतं. आज अर्धं मान्य आहे.

म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं. चुलीपुढून न उठता म्हणाली, "तुमी वापस या. मंग कोनाची बी बोंबी बसवा, मी कायी म्हनत नाई." ती आयुष्यभर त्या लोट्यावरून माझ्याशी भांडली होती.

नागपूरला पहिलं काम म्हणजे सीटी स्कॅन. बैलगाडीच्या चाकाच्या लोखंडी धावेसारखं गोल, पण उभं, आणि त्यातून आपला पाट आत-बाहेर जातो. हाताच्या शिरेत औषध सोडतात, म्हणजे रक्ताची नळी उजळून दिसते. औषध गेलं आणि घशापासून खाली ऊन ऊन लोट वाहत गेला, थेट धोतरापर्यंत. मी ओरडून सांगितलं की मशीन खराब होईल, माझ्याच्यानं आवरलं नाही. काचेमागून पोरगा म्हणाला, बाबाजी, सबको ऐसा ही लगता है, कुछ नहीं हुआ. मशीन स्वतः बोलत होती, सांस रोकिए, सांस छोड़िए. मी तिलाही हो जी म्हणत होतो.

मग डॉक्टरांनी पडद्यावर माझं पोट गोल फिरवून दाखवलं. हाडं पांढरी, नळी लाल. मूत्रपिंडाच्या फाट्यांच्या खाली ती फुगलेली, उंदीर गिळून बसलेल्या धामणीसारखी. मला ते एकदम पटलं. आमच्या बोडीची पार मागे एकदा अशीच एका जागी फुगली होती. बोडी म्हणजे आमचं शेताचं तळं, पार म्हणजे त्याचा बांध. आम्ही पाणी सोडलं, बोडी रिकामी केली, मग पार बांधली. मी विचारलं, माझी बोडी रिकामी कशी करणार. डॉक्टर म्हणाले, रिकामी नाही करायची. जांघेतून दुमडलेली नळी आत न्यायची, फुगलेल्या जागी उघडायची, रक्त त्या नळीतून जाईल, भिंतीवर जोर येणार नाही. नळीचं माप या फोटोवरूनच काढायचं, म्हणून फोटो इतका बारीक काढावा लागतो.

भरलेल्या बोडीत, पाणी चालू असताना, आतून पाईप. मी कागदावर लगेच सही केली. असं काम बघायला मिळतंय तर सोडायचं कशाला, मग ते आपल्याच पोटात का असेना.

एक गोष्ट मात्र मी डॉक्टरांना ऐकवली. सीटीनं माप सहा सेंटिमीटर सांगितलं होतं, सोनोग्राफीनं पाच पॉइंट आठ. मी विचारलं, दोघींतली खोटी कोण. ते म्हणाले, कोणीच खोटी नाही, बघायची बाजू बदलली की दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होतंच. मी सुनेकडे बघितलं. मशीन मशीनशी जुळत नाही आणि एका बोटासाठी माझ्या अंगठ्याला नावं. तिनं छताकडे पाहिलं.

ऑपरेशनचं सांगण्यासारखं फारसं नाही. दोन्ही जांघांत एवढाएवढा काप, तिसऱ्या दिवशी मी वऱ्हांड्यात चालून राहिलो होतो. बिडी सुटली. महिन्यानं पुन्हा त्याच चाकात गेलो, त्या वेळी ऊन लोट आला तरी ओरडलो नाही. नळी जागेवर, कुठून गळत नाही, असं सांगितलं. फोटोची काळी फिल्म मी छपरीच्या खिडकीला लावली. दुपारी ऊन आलं की गाव येऊन माझी धामण बघून जातं. आता पोट घेऊन कुणी आलं तर मी अंगठा रेटत नाही. नुसता तळवा ठेवतो. लोटा म्हातारीनं परत घरात घेतला. आलेला माणूस म्हातारा असला, बिडीवाला असला, किंवा ठोका पसरलेला वाटला, तर सून पुढच्या बसची वेळ सांगते.

दिवाळीनंतर आमच्या गावची मंडई भरली, तेव्हा इवाई जत्रेला आले. आल्या आल्या म्हणाले, डबी दाखवा. मी उताणा पडलो, डबी पोटावर ठेवली. डबी कुठं हालते? आत पाईप आहे, जोर भिंतीला लागतच नाही. इवाई वाकून बघत होते. बराच वेळ बघितलं, मग माझ्या नाकापुढं हात धरला.

मी म्हटलं, जिवंत हाये, इवाई.

ते शेजारच्या खाटेवर आडवे झाले, शर्ट वर केला आणि आपली डबी आपल्या पोटावर ठेवली. मोठं गोल पोट, वर डबी. दगडासारखी गप्प. त्यांनी डबी उजवीकडे ठेवून पाहिली, डावीकडे ठेवून पाहिली, श्वास रोखून पाहिली.

"मायी काऊन नाई नाचत जी?"

मी उठलो. त्यांच्या पोटावर तळवा ठेवला. एवढ्या चरबीतून माझ्या हाताला काही लागेना, हे मी कबूल करतो. पण माणूस साठी ओलांडलेला, बिडी माझ्याइतकीच जुनी. साधं सांगितलं असतं तर ते कधी गेले नसते. मी चुना घेतला आणि त्यांच्या पोटावर दोन ठिपके दिले, अगदी जवळ जवळ, दोन बोटांच्या आत. म्हटलं, तुमची नळी एवढीच आहे. माझी तीन बोटं होती. मशीनला विचारून या.

दुसऱ्या दिवशी सकाळीच उपाशी पोटी गोंदियाला गेले, लेकीला बरोबर घेऊन. संध्याकाळी त्यांचा फोन आला. आवाज उतरलेला. नळी ठीक निघाली होती, जेवढी असायला पाहिजे तेवढीच. दोन सेंटिमीटरसुद्धा भरली नव्हती. डॉक्टरीन पाच मिनिटांत म्हणाली, जाइए, आणि पडदासुद्धा त्यांच्याकडे वळवला नाही.

मी त्यांना सांगितलं की मनाला लावून घेऊ नका, एवढं सगळ्यांनाच जमत नाही. आणि फोन ठेवून म्हातारीकडे चहा मागितला.